आईच्या हातचं जेवण आणि कागदी प्लेट

*मावशी, शालोम.*

*मी २४ वर्षांचा आहे. ठाण्याला घोडबंदर रोडवर आई-पप्पा आणि आजीबरोबर राहतो, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. घर फार धार्मिक नाही. नव्याचा सण म्हणजे नवं वर्ष, दारफाळणीचा म्हणजे प्रायश्चित्ताचा उपास, आणि पेसाह, बेखमीर भाकरीचा सण, एवढं होतं. कोंबडी शोहेतकडची, म्हणजे धर्माच्या रीतीनं कापणाऱ्याकडचीच येते, मटणाबरोबर दही-दूध आई कधी वाढत नाही. पण पप्पांचं हार्डवेअरचं दुकान शनवारी उघडं असतं, आणि त्यांना कोळंबी आवडते. ती वर्षातून दोन-चारदा घरात शिजते.*

*मागच्या वर्षी इस्राएलला काकांकडे गेलो होतो. तिथून जेरुसलेमच्या एका येशिवात, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, काही महिने राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण शब्बाथ पाळला, शुक्रवारी सूर्यास्तापासून शनवारी तारे निघेपर्यंतची विश्रांती. फोन बंद, कुठे पोचायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. परत आल्यापासून शब्बाथ पाळतो, रोज तेफिल्ला (प्रार्थना) म्हणतो, कोशेरच, म्हणजे धर्माला चालतं तेवढंच, खातो. घरच्या भांड्यांची खात्री नाही म्हणून कागदी प्लेटमध्ये जेवतो. तिथून काळी हॅट आणि कोट आणलाय. ते घालून निघालो की पप्पा गॅलरीत येत नाहीत.*

*गेल्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री आत्या जेवायला होती. आईनं रस्सा परत गॅसवर गरम केला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हे आता मला चालत नाही," आणि उठलो. आई रडली. पप्पा म्हणाले, "तुझ्याआधी आम्ही यहुदी नव्हतो का?" त्यातच आजीनं मी सुखरूप परत आलो म्हणून मलिदा, आमच्याकडचा आभाराचा विधी, बोलला होता. मी म्हटलं, आमच्या राबाईंनी (येशिवातल्या धर्मगुरूंनी) सांगितलंय की हे हलाखात, म्हणजे यहुदी धर्मकायद्यात, नाही, हिंदूंकडून आलंय, मी बसणार नाही. तेव्हापासून आजी माझ्याशी कामापुरतंच बोलते. येत्या पेसाहला घरात भात नको असंही मी सांगून ठेवलंय.*

*ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी मीटिंग असते. आतेबहिणीचं लग्न पनवेलला आहे, मेंदी शनवारी संध्याकाळी. वेगळं घर घेऊ का? की नोकरी सोडून परत येशिवात जाऊ? मी चुकतोय का?*

*– नवा शनवार तेली, ठाणे*

शालोम बाळा,

सही वाचून हसू आलं, आणि बरंही वाटलं. हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांना ती कळणार नाही, म्हणून थोडं सांगते. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट आहे. कोकणात ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनवारी घाणा बंद ठेवायचे. सोमवारी बंद ठेवणारे ते सोमवार तेली, आणि आम्ही शनवार तेली. शतकानुशतकं ना हिब्रू येत होतं, ना हाताशी तोरा, म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथ, होती, ना कुणी राब्बी होता. 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना तेवढी पाठ होती. बाराशे सालच्या सुमाराला मायमोनिदीस या मोठ्या धर्मपंडितांनी एका पत्रात लिहून ठेवलंय की हिंदुस्थानातल्या यहुद्यांना शब्बाथ आणि सुंता सोडून काही ठाऊक नाही. त्यांनी हे कौतुकानं लिहिलेलं नाही. मला मात्र ते वाक्य फार आवडतं. बाकी सगळं हातचं गेलं आणि शनवार राहिला.

तेव्हा तुमच्या घरात नवं काय आहे म्हणशील, तर शनवारी उघडं असलेलं दुकान. तुझा शब्बाथ त्याच्या कितीतरी आधीचा. हे पप्पांना ऐकवायला सांगत नाहीये मी, तुझ्यापुरतं लक्षात ठेव. तू परका धर्म घरात आणलेला नाहीस. पण मग पप्पांचा प्रश्नही तितकाच खरा ठरतो. जी आई दर वेळी शोहेतकडे रांग लावते, जिनं तुला एकदाही मटणावर दही वाढलं नाही, तिच्याकडून तू शिकलास म्हणून तर जेरुसलेमला ते सगळं तुला ओळखीचं वाटलं. येशिवानं कारणं दिली. सवय आईची.

चुकतोस का? शब्बाथ पाळण्यात अजिबात नाही. आत्यासमोर ताटावरून उठण्यात, हो.

आणि हे मी मावशी म्हणून सांगत नाही, तुझंच पुस्तक सांगतंय. चारचौघांत माणसाचा चेहरा उतरवणारा जणू रक्त सांडतो, असं तालमूदमध्ये, राब्बींच्या जुन्या धर्मचर्चांच्या ग्रंथात, आहे, बाबा मेत्सिया या भागात. पुन्हा तापवलेला रस्सा न खाण्याचं कारण तुझ्याकडे होतं, ते मी नाकारत नाही. शब्बाथ लागल्यावर विस्तवावर केलेलं खायचं नाही, हा नियम खराच आहे. पण ताटात पाव होता, कोशिंबीर होती, थंड मासा असेल. ते खायचं, पोट भरलं म्हणायचं आणि रविवारी आईला एकटीला गाठायचं. नियमही राहिला असता आणि आईची पतही.

शुल्हान आरूख, म्हणजे राब्बी योसेफ कारोंनी लिहिलेला आणि १५६५ मध्ये व्हेनिसला छापलेला कायद्याचा ग्रंथ, तुझ्या येशिवात उठता-बसता उघडत असतील. त्यात आईबापांच्या मानाचं एक प्रकरण आहे, त्याच ग्रंथाच्या योरे देआ या भागातलं २४०वं. काढून वाच. आईबापांनी तोरेविरुद्ध वागायला सांगितलं तर ऐकायचं नाही, हे तिथे स्पष्ट आहे, आणि तेवढं तुला नक्की पाठ असेल. पण बाप तोरेविरुद्ध वागताना दिसला तर काय करायचं, हेही त्याच प्रकरणात आहे. 'तुम्ही चुकलात' म्हणायचं नाही. 'पप्पा, तोरेत असं असं लिहिलंय ना?' असं विचारायचं, जणू आपल्यालाच शंका आहे. बोलायची पद्धतसुद्धा कायद्यातच घातलेली आहे. तू अर्धा नियम पाळलास.

आता स्वयंपाकघर. खरं भांडण तिथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कागदी प्लेट बंद कर. आज नको, पण महिन्याभरात. ती प्लेट आईला रोज दोनदा सांगते की तुझ्या हातचं स्वच्छ नाही. आपल्याकडची आई बाकी सगळं सोसेल, पण मुलानं तिचं अन्न नाकारलेलं तिला सोसत नाही. तू म्हणशील, भांड्यांचं काय? अरे, आपल्या बायकांचं स्वयंपाकघर स्टीलचं. याच्याइतकं कोशेर करायला सोपं स्वयंपाकघर जगात कुठे नसेल. पातेली, ताटं, वाट्या, डाव, झारे लख्ख घासायचे, पूर्ण २४ तास वापरायचे नाहीत, आणि मग उकळत्या पाण्याच्या मोठ्या टोपात पूर्ण बुडवून काढायचे. तवा आणि मासे तळायची कढई विस्तवावर थेट वापरात असतात, त्यांना नुसतं पाणी पुरत नाही, ते तापवून लाल करावे लागतात. त्यापेक्षा दुकानातून नवं लोखंड आण, पप्पांच्या ओळखीत स्वस्त मिळेल. कुकरची रिंग नवी घाल. मातीची भांडी कोशेर होत नाहीत, तेव्हा आजीच्या जुन्या मडक्याला हात लावू नकोस, ते तिचं तिला राहू दे. आणि नवी धातूची भांडी आणलीत की ती वापरण्याआधी मिकव्यात, म्हणजे शुद्धीच्या पाण्यात, बुडवायची असतात, हे तुला माहीत आहे. तुझ्या राबाईंनी बहुतेक बांधीव हौदाबद्दल सांगितलं असेल. समुद्र हाही मिकवाच आहे. अलिबागला भरतीच्या वेळी तवा बुडवायला तुला कुणाचीही परवानगी लागणार नाही. फक्त हातातून सुटू देऊ नकोस.

हे सगळं तू करायचं. घासण्यापासून. आईवर एकही काम टाकायचं नाही. तू एका रविवारी बनियनवर उभा राहून तिची चाळीस भांडी उकळून काढलीस, की 'माझ्या हातचं चालत नाही' याच्या जागी 'पोरगा घरात राबला' असं काहीतरी तिच्या मनात येईल. धुसफुसेल, पण बघत उभी राहील. पसाऱ्यात पडलेलं सांडशीचं टोक तिला तुझ्याआधी दिसेल.

कोळंबीवर मात्र मी तुझ्या बाजूची. तिथे चर्चेला जागाच नाही. पंख आणि खवले नसलेला जलचर खायचा नाही, हे तोरेत सरळ लिहिलंय. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, माकूल, सगळे त्यात आले. पप्पांनी हवी तर बाहेर खावी. तुम्ही पत्र वाचत असाल तर दादा, एवढं कराच. घरात पापलेट आहे, रावस आहे, बांगडा आहे. उपाशी कुणी मरणार नाही.

शुक्रवारच्या रश्श्याचं काम तर सोपं आहे. मेणबत्त्या लावायच्या आधी बारीक गॅसवर पत्रा ठेवायचा, बटणांवर काहीतरी झाकायचं, म्हणजे कुणाचा हात सवयीनं जाणार नाही, आणि पूर्ण शिजलेला रस्सा तिथेच राहू द्यायचा. नाहीतर विजेची हॉटप्लेट. आमची आजी पेणला राखेत निखारे झाकायची आणि वर हंडी, गोष्ट तीच. सूर्य मावळण्याआधी ठेवलेलं चालतं, नंतर चालू-बंद करायचं नाही. आईला कारण एका वाक्यात सांग. प्रवचन नको.

भाताबद्दल सांगते, आणि इथे तू सपशेल चुकलायस. पेसाहला भात न खाणं हा अश्कनाझींचा, म्हणजे युरोपातून आलेल्या यहुद्यांचा रिवाज आहे. त्यांच्यासाठी तो बंधनकारक आहे आणि त्यांनी पाळावा. आपली प्रार्थना, आपला पाठ सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांच्या, पद्धतीचा. ज्या शुल्हान आरूखचं नाव वर घेतलं, त्यात योसेफ कारोंनी पेसाहला तांदूळ चालतो असंच म्हटलंय. मनाईची टीप नंतर पोलंडच्या राब्बी मोशे इस्सेर्लिस यांनी आपल्या लोकांसाठी जोडली. तेव्हा तू कायदा कडक पाळायला निघालास आणि हातात दुसऱ्याच्या आजीचा रिवाज घेऊन आलास. तांदूळ पेसाहच्या आधी तीनदा निवडायचा, एखादा गहू-जवाचा दाणा आलेला नाही ना बघायचं, आणि मग तांदळाच्या भाकरीवर ताव मारायचा. आईला जाऊन सांग, भात होणार. शक्य तेवढ्या लवकर सांग. (हॅट आणि कोटाचंही तसंच आहे. पूर्व युरोपातल्या थंडीत तो पोशाख ठीक होता. ठाण्यात मे महिन्यात तू तो घालणार असशील तर घाल, तोरेत त्याला मनाई नाही, पण आज्ञाही नाही. डोक्यावर किप्पा, म्हणजे आपली छोटी टोपी, पुरे.)

हे मी खवचटपणे लिहीत नाही. १९६७ च्या युद्धानंतर जगभरची तरुण पोरं अशीच धर्माकडे वळली, त्यांच्यासाठी जेरुसलेमला येशिवा निघाल्या, त्यांना बाल तेशुवा असं नावही मिळालं. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी शिकवणारे अश्कनाझी, शिकणारे अमेरिकेतून आलेले. त्या पोरांच्या घरी अनेकदा काहीच उरलेलं नसायचं, म्हणून त्यांना सगळं नवीन द्यावं लागलं, कपड्यांपासून गाण्यांपर्यंत. तुझ्या घरी उरलेलं होतं. शिकवणाऱ्याला ते माहीत नव्हतं. त्याचा दोष नाही, पण त्याला सांगायचं काम तुझं होतं.

आणि आपल्याबद्दल कुणी 'हे तुमचं खरं नाही' म्हटलं तर मान खाली घालू नकोस. १९६२ साली इस्राएलच्या धर्मपीठानं फतवा काढला होता की बेने इस्राएल मुलामुलींची लग्नं लावण्याआधी त्यांच्या आई-आजीपर्यंतची वंशावळ तपासा. आपल्या माणसांनी तिथे रस्त्यावर बसून आंदोलन केलं. १९६४ मध्ये क्नेसेतनं, तिथल्या संसदेनं, ठराव करून सांगितलं की बेने इस्राएल सर्वार्थानं यहुदी आहेत, आणि धर्मपीठाला मागे यावं लागलं. तुझे काका त्या वेळी तिथे असले तर विचार त्यांना. नसले तर अश्दोदला, लोदला, दिमोनाला आपले म्हातारे अजून आहेत, ते मराठीत सांगतील.

पप्पांचं दुकान. त्यावर एक शब्द बोलू नकोस. दुकानाचं भाडं, गिऱ्हाईक शनवार-रविवारचं, कामगारांचा पगार, हे तुझ्या पगारातून जात नाही. तू फक्त स्वतः शनवारी दुकानात जाऊ नकोस, फोनवर माल विचारू नकोस. शुक्रवारी रात्री किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या स्वागताच्या प्रार्थनेला, ते घरी असतात, तेव्हा काळ्या मनुकांचं सरबत तू काढ आणि किद्दुश त्यांना म्हणू दे. ते चुकले तरी मध्ये टोकू नकोस. शनवारी रात्री ते शटर ओढून येतील तेव्हा तारे उगवलेले असतात. हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप द्यायचा विधी, त्यांच्यासाठी थांबव. जेवायच्या आधी मेणबत्ती, सुवासाला लवंग किंवा सब्जाची डहाळी, पाच मिनिटांचं काम. लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आईबापांचा धाक धरा आणि माझे शब्बाथ पाळा, ही दोन्ही एकाच वचनात आहेत. राब्बींनी त्यावरून शब्बाथ वरचढ ठरवला, ते खरं. पण देवाला दोन वेगळी वचनं लिहिता आली असती.

ऑफिसचं फार मनावर घेऊ नकोस. जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो, तेव्हा मीटिंग संपवून तू आरामात घरी पोचशील. अडचण हिवाळ्याची आहे, नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारालाच मावळतो आणि मेणबत्त्या त्याच्या अठरा मिनिटं आधी. तेवढ्या शुक्रवारांची तारीखवार यादी कर, मॅनेजरला आत्ताच दे, बदल्यात रविवारचं काम माग. सणांचीही यादी जोड. आपल्याकडे काम वर्ज्य असलेले दिवस वर्षाला १३ होतात, त्यातले काही शनवार-रविवारी पडतात. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला, पण त्यानं खासगी कंपनीत रजा मिळत नाही, तेव्हा त्याचा दाखला देत बसू नकोस. नम्रपणे, आधी आणि लेखी. दर शुक्रवारी चार वाजता तोंड बारीक करून उभा राहिलास तर कुणालाही वैताग येईल.

शब्बाथला गाडीत बसता येत नाही, तेव्हा पनवेलच्या मेंदीला शुक्रवारीच जा. कुणा नातेवाइकाकडे शब्बाथ काढ, जिथून बेथ एलला चालत जाता येईल. ते सिनेगॉग १८४९ चं आहे आणि शनवारी सकाळी दहा पुरुष भरणं ही आपल्याकडच्या प्रत्येक सिनेगॉगची चिंता असते. तू दहावा झालास तर ज्यांना तोरा मोठ्यानं वाचता येत नव्हती त्यांना ती वाचता येईल. हेही धर्म वाढवणंच आहे आणि याला कुणी रागावत नाही. संध्याकाळी तारे निघाल्यावर मेंदीला. अर्धा तास उशीर झाला तर आतेबहिणीचे हात काही सुकत नाहीत. ठाण्यातही तसंच. घोडबंदर रोडवरून सिव्हिल हॉस्पिटलसमोरच्या शाअर हाशामायीम सिनेगॉगपर्यंत शनवारी चालणं तुला जमणार नाही. महिन्यातून एखादा शब्बाथ जवळच्या कुणाकडे राहा. १८७९ पासून उभं आहे ते, त्याला तरुण पाय हवेत.

वेगळं घर आत्ता नको. तू निघालास तर घरात एकच अर्थ लावला जाईल. येशिवाचं मात्र प्रामाणिकपणे सांगते. तोरा शिकायला दुसऱ्या गावी जायचं असेल आणि तिथे जास्त शिकायला मिळेल अशी खात्री असेल, तर बाप नको म्हणाला तरी मुलानं जाता येतं, असं त्याच २४०व्या प्रकरणात आहे. तेव्हा कायद्यानं तुला मी अडवू शकत नाही, पप्पाही नाहीत. पण एक वर्ष थांब. पैसे साठव. हझ्झानकडे, म्हणजे सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्याकडे, बसून आपल्या चालीत तोरा वाचायला शीक, ती चाल जेरुसलेमला मिळणार नाही. जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात केलेली प्रार्थनांची मराठी भाषांतरं सिनेगॉगच्या कपाटात असतील तर ती पप्पांबरोबर वाच, पप्पांना हिब्रू कळत नाही पण मराठी कळतं. वर्षानंतरही जायचं असेल तर जा, आणि निवडताना विचार की सेफार्दी शिकवणारे कोण आहेत. जो शिक्षक तुला घरच्यांशी संबंध तोड म्हणेल, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जायचं नाही.

आणखी एक, पटकन. रात्री उठून तू भांडी पुन्हा पुन्हा तपासत असलास, एक शब्द चुकला म्हणून तेफिल्ला परत परत म्हणत असलास, हात धुणं संपत नसलं, तर ते राबाईचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. पत्रात तसं काही नाही. तरी विचारून ठेवते.

राहिली आजी.

मलिदा हलाखात नाही, हे वाक्य तू तिच्यासमोर बोललास. आता मला सांग, त्या ताटात काय असतं? भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-बेदाणे, वर पाच फळं. मांस नाही, दूध नाही, कोळंबी नाही. फळं उचलायच्या आधी प्रत्येकाची बराखा, म्हणजे देवाचे आभार मानणारं वचन, म्हणतात, झाडाच्या फळाची वेगळी आणि केळ्याची वेगळी, कारण केळं हलाखात जमिनीचं फळ धरतात. हे आपल्या अडाणी आज्यांना माहीत होतं. पोह्यांवर कुठली बराखा म्हणायची यावर तू आणि हझ्झान हवा तेवढा वाद घाला. आणि गातात कुणाला? एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला. म्हणजे ज्याचं नाव शब्बाथ संपताना पोलंडपासून येमेनपर्यंतचे यहुदी घेतात, त्यालाच. आपल्याकडे तो अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर उतरला एवढंच, तिथे रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात. काही अभ्यासक तर मलिद्याचं नातं जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातल्या अन्नार्पणाशी जोडतात. मी तेवढी पुढे जाणार नाही. शेजाऱ्यांच्या नवसांचा वारा आपल्याला लागला असेल, नाही कशाला म्हणू? शेजार होता शतकानुशतकं, आणि त्या शेजारानं आपल्याला कधी त्रास दिला नाही. यहुद्यांच्या इतिहासात असं म्हणायची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. पण देवाचे आभार मानायला माणसं जमवणं, बराखा म्हणणं, फळं वाटणं, यात मूर्तिपूजा कुठे आहे ते मला दाखव. अश्दोदला आणि बीरशेबाला गेलेल्या आपल्या लोकांनी पुष्कळ सोडलं, मलिदा सोडला नाही, आणि तिथे तर राब्बी दारोदार आहेत.

नीतिसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात बापाचा बोध ऐक आणि आईची शिकवण टाकू नकोस असं वचन आहे. घराण्याचा रिवाज का पाळायचा, यासाठी राब्बी तेच पुढे करतात. तुझ्या राबाईंना फोन करून एवढंच विचार की सेफार्दी घराण्यातल्या मुलानं आजीचा जुना रिवाज सोडावा का. प्रश्न नीट मांडलास तर उत्तर वेगळं येईल असं मला वाटतं.

आणि आजीकडे जा. 'मला पूर्ण माहिती नव्हती' म्हण. माफीचं भाषण नको, ती ऐकायची नाही. तारीख विचार. मलिदा शनवारी रात्री ठेवा, हवदाला झाल्यावर, म्हणजे पप्पाही दुकानातून आलेले असतील आणि एलियाहूचं गाणं एकदाच सगळ्यांनी म्हणून होईल. मात्र तयारी शुक्रवारी दुपारी. शब्बाथला निवडणं चालत नाही, तेव्हा पोहे आधीच निवडायचे, आणि ते काम तू घे. किडा खाणं तोरेत कोळंबीपेक्षाही वाईट, तुझा सगळा कडकपणा तिथे कामी येईल. आजीच्या शेजारी परात घेऊन बस, बघ तुझ्या ताटात किती सापडतात आणि तिच्या किती. नारळ खवून डब्यात फ्रीजमध्ये. पोहे भिजवायचे तारे निघाल्यावर, दहा-पंधरा मिनिटं लागतात. हझ्झानना लवकर सांग, लग्नसराईत त्यांची शनवारची रात्र मोकळी नसते. आणि पोहे जाडे आण. पातळ आणलेस तर लगदा होतो, आणि मग आजी जे बोलेल त्याला मी जबाबदार नाही.

– मावशी